सीमाभागातील वारसा : येत्या वर्षाचे काम



वारसा मंडळाची वार्षिक सभा म्हटली की दोन व्याख्याने, एक सहल, 18 एप्रिलचा जागतिक वारसा दिन आणि अल्पोपाहार, असा ठराव संमत होऊन मंडळी घरी जातात. बेळगाव-निपाणी भागाला एवढ्यावर भागविता येणार नाही.

बेळगावच्या किल्ल्यातील कमल बस्ती हे जिनालय रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याचा मंत्री बिचिराज याने इ. स. 1204 च्या सुमारास उभारले. छतातील पाषाणकमळ पाहावयास लोक जातात. तेथील दानलेख मात्र लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. वेणुग्रामच्या व्यापाऱ्यांनी देवकार्यासाठी दिलेल्या देणग्या त्यांत नोंदल्या आहेत. देवस्थानचा खर्च वर्गणीने चालविणाऱ्यांना हा हिशेब परका वाटू नये! लेख कानडी म्हणून मराठी माणसाने पाठ फिरवावी आणि मोडी दप्तर मराठी म्हणून कानडी माणसाने, तर दोघांच्याही हाती अर्धेच गाव उरेल. 1956 पासूनचा सीमाप्रश्न आपल्या जागी आहे. शिळा वाचताना तो मध्ये आणण्याचे कारण नाही.

हलशीचे भूवराह-नरसिंह मंदिर किंवा देगावचे कमलनारायण मंदिर यांकडे अभ्यासकांचे लक्ष आहे. वेशीवरच्या वीरगळांना आणि सतीशिळांना कोणीच वाली नाही. कोठे त्यांवर तैलरंग चढतो, कोठे त्या पायात गडप होतात. त्यांची गाववार यादी, मापे व छायाचित्रे हे पहिले काम होय. पाऊस ओसरल्यावर, गवत वाळले की ते हाती घेता येते.

खरी निकड घराघरांतील कागदांची आहे. सिद्धोजीराव निंबाळकरांच्या काळापासून नावारूपास आलेली निपाणी घ्या, वा बेळगावच्या जुन्या पेठा घ्या. सनदा, वाटणीपत्रे, पेढीच्या चोपड्या आणि देवस्थानचे जमाखर्च मोडीत आहेत. ते वाचणारी पिढी जवळजवळ संपली. उत्सवात कोणाची कोणती सेवा होती, दिव्याला तेल कोठून येत असे, हे त्या वह्यांखेरीज कोण सांगणार? चातुर्मासात मोडीचा वर्ग चालवावा. पण वाचन कोऱ्या पुस्तकावर न शिकविता याच वह्यांवर शिकवावे.

येथे एक अडचण आहे. वाचावयास नेलेले कागद परत न आल्याचा अनुभव अनेक घरांना आहे, आणि त्यांचा संशय रास्त म्हणावा लागतो. म्हणून मंडळाने कागद मागूच नयेत. घरी जाऊन, घरच्यांसमक्ष छायाचित्रे घ्यावीत, एक प्रत त्यांना द्यावी आणि खाजगी मजकूर त्यांच्या संमतीवाचून उघड करू नये. 1972 च्या पुरावशेष कायद्याने पंचाहत्तर वर्षांवरील महत्त्वाचे हस्तलिखित पुरावशेषांत मोडते. कायद्याचा धाक घालण्यासाठी नव्हे, तर रद्दीत घालण्यापूर्वी विचार व्हावा, म्हणून हे सांगावयाचे. प्लॅस्टिकमध्ये कायमचे बंद करण्याचा उत्साहही नको. तो कागद पुन्हा सुटत नाही.

जीर्णोद्धाराबाबत महाजनांनीच एक दंडक घालून घ्यावा. जुना दगड हलविण्यापूर्वी त्याचे माप, छायाचित्र आणि क्रमांक नोंदला जावा, संगमरवर नंतर. संरक्षित वास्तूंभोवती शंभर मीटरपर्यंत नवे बांधकाम निषिद्ध आहे, हे 2010 च्या दुरुस्तीनंतरही पुष्कळांना ठाऊक नसते.

सहल व्हावीच. मात्र ती हलशीलाच न नेता, ज्या गावची यादी पूर्ण झाली असेल तेथे न्यावी, आणि माहिती गावकऱ्यांकडून ऐकावी. वर्षअखेर पाच गावांची यादी आणि दहा घरांच्या वह्या झाल्या, तरी पुढल्या सभेपुढे ठेवण्यास पुरेसे होईल.