कडक भाकरीची परीक्षा

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या गल्लीतली एक मुलगी घरी आली. मुलगी म्हणजे आता चाळिशीची बाई. पण मी तिला फ्रॉकमध्ये पाहिलेलं, त्यामुळे माझ्या लेखी मुलगीच. हातात कडक भाकरीचं पाकीट आणि शेंगाचटणीची पुडी. म्हणाली, "चाचा, आमच्या बचत गटाचा माल आहे. पाकिटावर छापायला चार ओळी लिहून द्या ना. सोलापूरची भाकरी, मातीचा वास, असं काहीतरी."

कवीकडे कुणी आपण होऊन ओळी मागायला येतं, असं फार वेळा घडत नाही. मी लगेच "देतो" म्हणून बसलो. ती गेल्यावर पाकीट उघडलं. भाकरी मोडली तर आवाजच आला नाही. सादळली होती. चटणी जिभेवर ठेवली, तर लसणाच्या मागून खवट चव आली. तरी मी मनाशी म्हणालो, असू दे, आपल्या गावच्या बायका आहेत, चार पैसे मिळवताहेत. आणि कागद पुढे ओढला.

त्याच आठवड्यात माझा भाचा फ्रोझन पिझ्झा घेऊन आला. तोही इथेच तयार झालेला. त्याने जो पंचनामा केला तो ऐकण्यासारखा होता. पाकिटात बर्फाचे कण साचलेले दिसले. "मामू, हा वाटेत एकदा वितळून पुन्हा गोठलाय. उणे अठरा अंशाला राहायला पाहिजे हा." मग घटकांची यादी वाचली. जो पदार्थ वजनाने जास्त, तो यादीत आधी लिहावा लागतो, हे मला त्याच्याकडूनच कळलं. चीज म्हणावं तिथं वनस्पती तेलाचा उल्लेख निघाला. तारीख पाहिली, परवान्याचा चौदा आकडी नंबर पाहिला. भाजून झाल्यावर तळ उचलून पाहिला, तो मधोमध ओला होता. "नापास," म्हणाला, आणि तरीही सगळा खाल्ला. वयच तसं आहे.

मी मात्र अडकलो. गव्हाच्या पावाला एवढी कडक परीक्षा आणि माझ्या भाकरीला नुसती माया? भाकरीचं पाकीट मी उलटून पाहिलंच नव्हतं. पाहिलं, तर तारखेचा शिक्का इतका पुसट की तीन का आठ ते कळेना.

खरं तर दोन्हींचं दुखणं एकच आहे. अन्न टिकवायचं म्हणजे त्यातल्या पाण्याचा बंदोबस्त करायचा. पिझ्झ्यातलं पाणी गोठवतात, कडक भाकरीतलं पाणी आपण आधीच घालवून टाकतो. पातळ भाकरी थापायची, नेहमीसारखी भाजायची, आणि मग मंद आचेवर दाबून दाबून पापडासारखी होईपर्यंत वाळवायची. आमचे अब्बा यंत्रमागावर जाताना ही भाकरी फडक्यात बांधून नेत. रमजानमध्ये सहरीला अम्मी ती दुधात कुस्करून देई. झोपेत असलेल्या मुलालाही ती गिळता येते. कर्नाटकाच्या बाजूला हिलाच खडक रोटी म्हणतात.

पण गोम आहे ती पिठात. गव्हात चिकटपणा असतो म्हणून पिझ्झ्याचा पाव ताणता येतो. ज्वारीत तो नसतो. म्हणून उन्हून पाणी घालायचं, त्याने पिठातला थोडा अंश शिजतो आणि पीठ धरून राहतं. पीठ जुनं झालं की त्याची विरी जाते. मग भाकरीच्या कडा फाटतात, फाटू नयेत म्हणून ती जाड थापली जाते, जाड भाकरीच्या पोटात ओल राहते, आणि बुरशी पहिल्यांदा तिथंच धरते. जुन्या पिठाला किंचित कडवटपणाही येतो. भाजताना तो जात नाही.

आपल्या जिल्ह्यात मालदांडीचं केवढं कौतुक! त्यातलं ३५-१ हे वाण मोहोळच्या केंद्रात निवडलेलं. पाऊस संपल्यावर काळ्या रानात पेरायचं आणि जमिनीतल्या ओलीवर वाढू द्यायचं. २०१६ साली मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालं. २०२३ हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष झालं, तेव्हापासून पाकिटांवरची अक्षरं आणखी मोठी झालीत. पण मानांकन मंगळवेढ्याच्या शिवारातल्या दाण्याला आहे. तो दाणा दळून पंधरा दिवस पोत्यात पडला तर मानांकन काय करणार?

तेव्हा माझी परीक्षा सांगतो. आधी पाकिटाच्या तळाशी चुरा किती आहे ते बघा. भाकरी मोडा आणि ऐका. काडकन मोडली पाहिजे. काठ आणि मध्य सारखाच पातळ हवा. नुसताच तुकडा चावा, कच्चट लागतो का बघा. मग आमटीत कुस्करा. चांगली भाकरी मऊ होते, तिची खळ होत नाही. चटणीचं म्हणाल तर आधी नाक. भाजलेल्या शेंगदाण्यात जवळपास निम्मं तेल असतं. उखळात कुटलं की ते आपोआप सुटतं आणि चटणीची ढेकळं धरतात. मिक्सर दाणे कापतो, कुटत नाही. मग वरून तेल ओतून ती चमक आणावी लागते. तेल उष्णतेने आणि हवेने खवट होतं. सोलापूरचा उन्हाळा मी तुम्हाला सांगायला नको.

कागद बाजूला ठेवला आणि तिला बोलावून हे सगळं सांगितलं. तिचा चेहरा उतरला. "चाचा, पुण्याची माणसं 'अस्सल' म्हणून घेऊन जातात, आणि तुम्हीच नावं ठेवताय?" मग थोड्या वेळाने स्वतःच बोलू लागली. गिरणी लांब, म्हणून दळण पंधरा दिवसांचं एकदम. पावसात भाकऱ्या निवायला जागा नाही, म्हणून कोमट असतानाच पाकिटात. "आणि उखळाचं म्हणाल तर दिवसभर कुटून बायांचे खांदे भरून येतात. गिऱ्हाईक त्यासाठी दोन रुपये जास्त देतं का? तुम्ही देता का?"

मी कधी दिले नव्हते. उलट ओळखीची म्हणून दोन रुपये कमीच दिले असतील. याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. त्या दिवशी मी दोषच सांगितले. ते काढायला लागणारी मजुरी कोण देणार, हे मी धरलंच नव्हतं.

दोन महिन्यांनी ती पुन्हा आली. दळण आता आठवड्यातून दोनदा होतं. भाकऱ्या एका मैत्रिणीच्या माडीवर पंख्याखाली निवतात. चटणी अजून मिक्सरमधलीच आहे, पण वरचं तेल बंद केलंय आणि पुडी लहान केलीय, खवट व्हायच्या आत संपावी म्हणून. भाव तीन रुपयांनी वाढवलाय. पुण्याच्या एका दुकानदाराने त्यावरून माल घेणं थांबवलं, तेही तिने सांगितलं.

पाकीट मी मुद्दाम तीन आठवडे ठेवलं. बाहेर झड लागली होती. भाकरी मोडली, तर आतल्या खोलीतून बायको म्हणाली, "काय फुटलं?"

ओळींचं मी तिला विचारलं. लिहून तयार होत्या, बऱ्या होत्या. ती जरा ओशाळली. म्हणाली, "चाचा, तारीख मोठी छापली ना, आता जागाच उरली नाही."