शेजारी कोण खेळणार?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

क्रिकेटच्या या देशात मी आज तुमच्याशी बास्केटबॉलविषयी बोलणार आहे, आणि तेही ज्या महिन्यांत सामने नसतात त्या महिन्यांविषयी. अमेरिकेतली एनबीए ही व्यावसायिक स्पर्धा ऑक्टोबरात सुरू होते. एप्रिलपर्यंत प्रत्येक संघ ८२ सामने खेळतो. वरचे संघ मग जूनपर्यंत बाद फेरीत झुंजतात. तळाच्या संघांचं मैदान मात्र एप्रिलमध्येच रिकामं होतं आणि त्यांची खरी परीक्षा तिथून पुढे सुरू होते. कोणाला ठेवायचं, कोणाला सोडायचं, पैसा कुठे घालायचा, हे सारं त्या उन्हाळ्यात ठरतं. ना प्रेक्षक, ना टाळ्या. पण पुढचं वर्ष तिथेच जिंकलं किंवा गमावलं जातं.

मी शाळकरी मुलांना बास्केटबॉल शिकवतो. त्यामुळे हरणारा संघ उभा कसा राहतो, या प्रश्नाशी माझी रोजची गाठ असते. त्या प्रश्नाचं फार चांगलं उत्तर मला डेट्रॉइट पिस्टन्स या संघाच्या २०२४ च्या उन्हाळ्यात सापडलं. तीच गोष्ट आज सांगतो.

डेट्रॉइट म्हणजे मोटारींचं शहर. पुण्याकडून तिकडे गेलेली मराठी माणसं पुष्कळ. धंदाच दोन्ही गावांचा एक. माझा पुतण्याही तिथेच इंजिनिअर आहे. या शहराचा संघ एके काळी दरारा असलेला. १९८९, १९९० आणि २००४ अशी तीन विजेतेपदं त्याच्या नावावर आहेत. पण २०२३-२४ च्या हंगामात हा संघ ८२ पैकी १४ सामने जिंकला आणि ६८ हरला. त्यातले २८ पराभव तर सलग होते. ऑक्टोबरच्या अखेरीस हरायला लागले ते ३० डिसेंबरलाच थांबले. घरच्याच मैदानावर प्रेक्षक मालकाला उद्देशून ‘संघ विका, संघ विका’ अशा घोषणा देत होते. पुतण्या म्हणाला, “काका, पोरांना सामना दाखवायला न्यायचं बंद केलं. येताना गाडीत कोणी बोलत नाही.”

आता अशा संघाच्या हातात उन्हाळ्यात असतं तरी काय? ढोबळमानाने तीन दरवाजे असतात. पहिला ड्राफ्टचा. दर जूनमध्ये नव्या दमाची मुलं संघ पाळीपाळीने निवडतात. दुबळ्या संघांना आधी निवड करता यावी हा त्यामागचा हेतू. पण कोणी मुद्दाम हरू नये म्हणून पहिल्या चार क्रमांकांसाठी सोडत काढतात, आपल्याकडे म्हाडाच्या घरांची निघते तशी. २०२४ च्या नियमांप्रमाणे सर्वांत तळाच्या संघालाही पहिला क्रमांक मिळण्याची शक्यता फक्त १४ टक्के होती. डेट्रॉइट २०२३ आणि २०२४ अशी दोन्ही वर्षं तळाला होतं आणि दोन्ही वर्षं सोडतीत पाचव्या क्रमांकावर घसरलं. त्याआधी २०२२ मध्येही पाचवाच क्रमांक आला होता. नशिबावर हवाला ठेवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

दुसरा दरवाजा पैशाचा. एनबीएत संघाच्या एकूण पगाराला मर्यादा असते. २०२४-२५ साठी ती सुमारे १४ कोटी डॉलर होती. ज्याचे पगार त्याहून कमी, त्याला उरलेल्या रकमेत करार संपलेले खेळाडू घेता येतात. तिसरा दरवाजा अदलाबदलीचा. आपला खेळाडू द्यायचा, दुसऱ्याचा घ्यायचा. सोबत भविष्यातल्या ड्राफ्टमधले निवडीचे हक्कही द्यायचे-घ्यायचे.

डेट्रॉइटकडे पैशाची जागा मुबलक होती. त्याचं एक कारण मजेशीर आहे. त्यांचा सर्वोत्तम खेळाडू केड कनिंगहॅम. २०२१ च्या ड्राफ्टमध्ये पहिल्या क्रमांकाने निवडलेला. तो अजून नवख्यांसाठी ठरलेल्या पगारावरच खेळत होता. त्याच उन्हाळ्यात त्याच्याशी पाच वर्षांचा, सुमारे २२ कोटी डॉलरचा नवा करार झाला. पण तो लागू होणार होता २०२५ पासून. म्हणजे मोठा पगार सुरू होण्याआधी एक वर्षाची सवड होती. उभारणीच्या काळात अशी सवड क्वचित मिळते आणि ती वाया घालवणं फार सोपं असतं. एखादं मोठं नाव चार-पाच वर्षांसाठी बांधून घ्यायचं, वर्तमानपत्रांत फोटो छापून आणायचे, की झालं! मग आपलीच मुलं मोठी होऊन पगारवाढ मागायला येतात तेव्हा तिजोरीत खडखडाट असतो.

मोठ्या नावाचा एक अनुभव या संघाला नुकताच आला होता. २०२३ च्या जूनमध्ये त्यांनी माँटी विल्यम्स यांना सहा वर्षांसाठी ७ कोटी ८५ लाख डॉलर देऊन प्रशिक्षक नेमलं. प्रशिक्षकासाठी त्या वेळचा तो विक्रमी करार होता. विल्यम्स यांनी त्याआधी फीनिक्सचा संघ अंतिम फेरीपर्यंत नेला होता, माणूस नावाजलेला. पण फीनिक्समध्ये त्यांच्या हाताखाली ख्रिस पॉलसारखा मुरलेला खेळाडू होता. इथे बहुतेक विशीतली मुलं. वर्षभरात २०२४ च्या जूनमध्ये संघाने त्यांना निरोप दिला. करारातले सुमारे साडेसहा कोटी डॉलर द्यायचे बाकी असतानाही दिला. एवढा पैसा ओतलाय म्हणून चूक पुढे रेटत राहायची, हा मोह भल्याभल्यांना सुटत नाही.

कारभार नव्या माणसाकडे आला. ट्रॅजन लँगडन त्यांचं नाव. ते न्यू ऑर्लिन्सच्या संघाचं व्यवस्थापन सांभाळून आलेले. प्रशिक्षक म्हणून त्यांनी जे. बी. बिकरस्टाफ यांना घेतलं. बिकरस्टाफ यांनी क्लीव्हलंडमध्ये असाच कोवळा संघ हाताशी धरून बाद फेरीत नेला होता आणि त्याच मे महिन्यात क्लीव्हलंडने त्यांना काढलं होतं. न्यू ऑर्लिन्सहून फ्रेड व्हिन्सन हे साहाय्यक प्रशिक्षकही आले. खेळाडूंची फेक सुधारण्यात त्यांचा हातखंडा.

मग खेळाडू. इथे आधी दुखणं समजून घ्यायला हवं. केड उंच, शांत डोक्याचा. चेंडू हातात घेऊन बास्केटकडे घुसायचं आणि वेळ पाहून सहकाऱ्याला द्यायचा, हा त्याचा खेळ. पण संघात लांबून अचूक फेकणारे कमी. प्रतिस्पर्धी मग बाहेरच्या खेळाडूंकडे फारसं लक्ष न देता बास्केटखाली गर्दी करून उभे राहत. पन्नास फूट रुंदीचं मैदान त्या मुलासाठी एखाद्या बोळाएवढं होऊन जाई. जेलन ड्युरेन, ऑसार थॉम्पसन, जेडन आयव्ही हे त्याचे सोबतीही गुणी. पण सगळे वीस-बावीसचे, आणि दोघा-तिघांचं बळ बास्केटजवळच. गुणांचा दुष्काळ नव्हता. त्या गुणांना वाट करून देणारं कोणी शेजारी नव्हतं.

लँगडन यांनी नेमके शेजारी शोधले. तिशी ओलांडलेला टोबायस हॅरिस दोन वर्षांसाठी घेतला, ५ कोटी २० लाख डॉलरना. मलिक बीझली हा लांबून फेकणारा गडी एका वर्षासाठी, ६० लाख डॉलरना. टिम हार्डवे ज्युनियर आला डॅलसकडून. डॅलसला दुसरा एक खेळाडू घेण्यासाठी पगाराची जागा करायची होती. म्हणून क्वेंटिन ग्राइम्सच्या बदल्यात त्यांनी हार्डवे तर दिलाच, वर दुसऱ्या फेरीतले तीन निवडीचे हक्कही दिले. पैशाची मोकळी जागा अशीही वापरता येते. दुसऱ्याची अडचण आपण उचलायची आणि उचलण्याचं मोल घ्यायचं.

ही नावं ऐकून तिकडे कोणी फटाके उडवले नाहीत. पुतण्या म्हणाला, “काका, ही तर खोगीरभरती. दुसऱ्यांना नको झालेली माणसं आणलीत.” पण या यादीत तीन गोष्टी बघण्यासारख्या आहेत. तिघेही लांबून फेकू शकणारे, म्हणजे केडसमोरची गर्दी पांगवणारे. तिघांचेही करार छोटे, म्हणजे मुलांच्या पुढच्या पगारवाढीच्या आड न येणारे. आणि तिघेही अनेक हंगाम खेळलेले. हरल्यानंतर दुसऱ्या दिवशी सरावाला कसं यायचं हे माहीत असलेले.

हंगाम सुरू झाला आणि पहिले चारही सामने हरले! पण यावेळी संघ कोसळला नाही. पुढे डावाला आकार आला. बीझलीने त्या हंगामात तीन गुणांच्या ३१९ फेका यशस्वी केल्या. साऱ्या एनबीएत फक्त एकजण त्याच्या पुढे होता, तोही एका फेकेने. बास्केटखालची गर्दी पांगली आणि केडला मैदान मोकळं मिळालं. त्याची सरासरी सामन्याला २६.१ गुण आणि ९.१ असिस्ट अशी झाली. असिस्ट म्हणजे सहकाऱ्याच्या बास्केटमध्ये परिणत होणारा पास. ऑल-स्टार सामन्यासाठीही त्याची पहिल्यांदाच निवड झाली. १ जानेवारी २०२५ ला आयव्हीचा पाय मोडला, तरी गाडी रुळावरून घसरली नाही. आदल्या वर्षी १४ विजय, यंदा ४४.

बाद फेरीत गाठ पडली न्यूयॉर्क निक्सशी. दुसरा सामना डेट्रॉइटने त्यांच्या मैदानावर जिंकला. बाद फेरीतले सलग १५ पराभव आणि २००८ पासूनची प्रतीक्षा त्या रात्री संपली. मालिका मात्र ४-२ अशी गेली. घरचे तिन्ही सामने हरले, आणि तिन्हींतलं अंतर तीन गुण किंवा त्याहून कमी. पुतण्या पोरांना घेऊन त्यातल्या एका सामन्याला गेला होता. येताना गाडीत सगळे एकदम बोलत होते म्हणे!

सगळं श्रेय वडीलधाऱ्यांना द्यावं असं मी म्हणणार नाही. मुलं वर्षाने मोठी झाली होती, प्रशिक्षक बदलला होता. आणि केडसारखा खेळाडू आधीच हाताशी असणं हे भाग्यच. ते नसेल तर नुसते शेजारी आणून घर उभं राहत नाही. फिलाडेल्फियाने २०१३ पासून काही वर्षं दुसरा मार्ग धरला होता. हरत राहायचं आणि ड्राफ्टमधून हिरे गोळा करायचे. २०१५-१६ मध्ये ते ८२ पैकी १० सामने जिंकले. त्या काळात जोएल एम्बीडसारखा थोर खेळाडू त्यांना मिळाला, पण २०२५ पर्यंत अंतिम फेरी काही दिसली नाही. ओक्लाहोमा सिटीनेही दोन हंगाम पराभव सोसले. २०२०-२१ मध्ये २२ विजय, २०२१-२२ मध्ये २४. पण २०२४ च्या उन्हाळ्यात त्यांनी तरुण जॉश गिडी शिकागोला देऊन तिशीचा अ‍ॅलेक्स करूसो घेतला. बचावात चिवट असलेला हा खेळाडू त्यांच्या मुलांच्या जोडीला आला, आणि २०२५ च्या जूनमध्ये ते विजेते ठरले. कधीतरी गोळा करणं थांबवून जुळवणं सुरू करावं लागतं. ती वेळ ओळखणं हीच कारभाऱ्याची परीक्षा.

कारण पराभवाची किंमत गुणतक्त्यात पूर्ण दिसत नाही. माझ्याकडची मुलं मी बघतो. सलग पाच-सहा सामने हरलेला मुलगा चेंडू मागणं बंद करतो. डोळे खाली जातात. चूक झाली की शेजाऱ्याकडे बोट जातं. तोच मुलगा एखाद्या अनुभवी, थंड डोक्याच्या दादाशेजारी उभा केला की आठवड्यात बदलतो. दादा फार मोठा खेळाडू नसला तरी चालतं. चुकल्यावर “चल, मागे ये, बचाव कर” एवढं म्हणणारा हवा. मुलं जशी जिंकायला शिकतात तशी हरायलाही शिकतात, आणि हरण्याची सवय लवकर जडते.

म्हणून शाळेचा असो, क्लबचा असो वा जिल्ह्याचा, हरलेला संघ उभारायला जे बसतील त्यांना माझं एक सांगणं आहे. यंदा कोणतं मोठं नाव आणायचं, हा प्रश्न थोडा बाजूला ठेवा. कागद घ्या. ज्या दोन-तीन मुलांवर तुमचा भरवसा आहे, त्यांची नावं मधोमध लिहा. प्रत्येकाची वाट कुठे अडते ते खाली लिहा. मग ती वाट मोकळी करणारा माणूस शोधा. तो गाजलेला नसेल, दुसऱ्याने सोडलेलाही असेल. त्याला छोट्या मुदतीसाठी घ्या आणि त्याचं काम त्याला नीट समजावून सांगा. आणि हे सगळं मैदान रिकामं असतानाच करा. पहिली शिट्टी वाजली की विचाराला वेळ मिळत नाही.