डुकराचे चाप : करावेत कसे, आणि खावेत का?

(मंडळाच्या वर्धापनदिनी सुरगाणा येथे केलेले भाषण)



कार्यवाहताई विषय सांगायला आल्या तेव्हा त्यांनी आधी दार लोटून घेतले आणि मग हळू आवाजात म्हणाल्या, "बाई, तुमच्या त्या चापांवर बोला." कारण तुम्हां सर्वांना ठाऊक आहे. गेल्या नाताळात माझ्या घरी डुकराचे चाप झाले, त्यांचा वास गल्लीभर गेला, आणि दुसऱ्या दिवशी नळावर दोन पक्ष पडले. एकीने कृती विचारली. दुसरीने विचारले की, ही बाई मंडळाच्या हळदीकुंकवाला पातेली घासते, त्यांचे काय करायचे? प्रश्न तोंडावर विचारला गेला असता तर त्याच दिवशी उत्तर दिले असते. तो फिरत फिरत माझ्यापर्यंत आला म्हणून आज भाषण करावे लागत आहे.

मी मूळची वसईची. चिमाजी अप्पांनी 1739 साली वसई घेतली, त्याआधी दोनशे वर्षे तिथे पोर्तुगीज होते. ते गेले तरी त्यांच्या स्वयंपाकघरातला शिरका आणि लसूण आमच्याकडे राहिला. 'विंदालू' हा शब्द पुष्कळजणींनी हॉटेलच्या पाटीवर वाचला असेल. त्यातला 'आलू' म्हणजे बटाटा नव्हे. पोर्तुगीज भाषेत लसणाला जो शब्द आहे, त्याचे ते रूप आहे. द्राक्षाच्या मद्यात आणि लसणात मुरवलेले मांस, एवढाच मूळ अर्थ. मद्याच्या जागी आमच्याकडे शिरका आला. वसई-मुंबईकडच्या ख्रिस्ती घरांत याच जातीचे इंदयाल लग्नाला आणि सणाला होते. उन्हाळ्यात कुटलेला मसाला गडद रंगाच्या बाटल्यांत ठासून वर्षभर पुरवायचा, म्हणून त्याचे नावच बाटली मसाला.

तेव्हा हे मांस परदेशातून आलेले फॅड नव्हे. शाहू पाटोळे यांचे 'अन्न हे अपूर्णब्रह्म' हे पुस्तक 2015 साली निघाले, ते जरूर वाचा. मराठवाड्यातल्या दलित घरांत काय शिजत होते आणि पाकशास्त्राच्या पुस्तकांत ते का आले नाही, हे त्यात आहे. आपल्या सुरगाण्याच्या डोंगरातल्या म्हाताऱ्यांनाही रानडुकराच्या गोष्टी सांगता येतात. फक्त 1972 च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद आहे, म्हणून आज मी बोलते ती पाळीव डुकराविषयी. नागलीचे शेत नासवणाऱ्याविषयी नव्हे.

आता कृती. चाप म्हणजे पाठीच्या कण्याजवळचा, बरगडीच्या हाडासकट कापलेला तुकडा. खाटकाला निक्षून सांगावे की, अंगठा आडवा ठेवला तर त्याच्या रुंदीइतका जाड हवा. पातळ चाप घेऊ नये. तो तव्यावर पडताच वाळतो आणि मग चपलेच्या तळव्यासारखा चावत बसावे लागते. कडेची चरबी काढू देऊ नये. या भागाच्या मांसात आतून चरबी थोडीच असते, म्हणूनच तो कोरडा होतो.

त्यावर उपाय मिठाच्या पाण्याचा. एक लिटर गार पाण्यात 50 ग्रॅम मीठ विरघळवून चाप दोन तास बुडवून ठेवावेत. मिठामुळे मांस पाणी धरून ठेवते आणि आचेवर ते सहज सोडत नाही. मात्र हे भांडे फ्रीजमध्येच ठेवावे. वीज गेली असेल तर अर्धा तास पुरे, नंतर लगेच शिजवावे. उन्हाळ्यात मांस ओट्यावर तासन्‌तास राहता कामा नये.

बाहेर काढून स्वच्छ फडक्याने अगदी कोरडे टिपावेत. ओला चाप तव्यावर भाजत नाही, उकडतो. आठ लसूणपाकळ्या, बोटाच्या पेराएवढे आले, दहा मिरी, चार सुक्या मिरच्या आणि हळद दोन चमचे शिरक्यात वाटून चोळावे. वरून मीठ घालू नये, ते आत गेलेलेच आहे. शिरक्यात रात्रभर मुरवण्याचा मोह इथे आवरावा. त्या पद्धतीने इंदयाल उत्तम होते, चाप पिठूळ होतो.

कडेच्या चरबीला सुरीने दोन-तीन ठिकाणी चिरा द्याव्यात, नाहीतर ती आखडते आणि चाप वाटीसारखा वळतो. बिडाचा तवा तापवून, चिमट्याने धरून, चाप आधी त्या चरबीच्या कडेवर उभे करावेत. दोन मिनिटांत तेवढे तूप सुटते की तेल लागत नाही. मग मध्यम आचेवर एकेक बाजू तीन-चार मिनिटे. मसाला काळा पडू लागला तर आच आणखी कमी करावी.

इथे थोडे थांबते. अमेरिकेच्या शेती खात्याने 2011 साली सांगितले की, डुकराच्या अखंड तुकड्याला आतून 63 अंश सेल्सियस उष्णता आणि तीन मिनिटे विश्रांती पुरे. पूर्वी ते 71 अंश सांगत. आता तिकडचे लोक आतून गुलाबी असलेला चाप खातात आणि तोच खरा म्हणतात. तो मऊ लागतो हे खरे. पण ते डुक्कर बंदिस्त जागेत वाढलेले आणि तपासलेले असते. आपल्याकडे त्याची खात्री कोण देणार? म्हणून मी तव्यात दोन चमचे पाणी शिंपडून झाकण घालते आणि आणखी पाचेक मिनिटे ठेवते. हाडाजवळ टोचून पाहावे. रस स्वच्छ आला पाहिजे, गुलाबी नको. मिठाचे पाणी दिले असेल तर एवढे शिजूनही मांस रसाळ राहते. उतरवल्यावर पाच मिनिटे ताटात स्वस्थ पडू द्यावे.

या सावधगिरीचे कारण पट्टकृमी. रोगी डुकराच्या मांसात भिजलेल्या साबुदाण्यासारख्या पांढरट पुटकुळ्या दिसतात. असे मांस कच्चे राहिले तर खाणाऱ्याच्या आतड्यात लांबलचक जंत वाढतो. इथवर पुष्कळांना माहीत असते. पुढचे माहीत नसते. त्या माणसाच्या विष्ठेतून जंताची अंडी बाहेर पडतात. ती न धुतलेल्या हातांतून, पाण्यातून, कच्च्या भाजीतून दुसऱ्याच्या पोटात गेली, तर त्यांतल्या अळ्या रक्तातून मेंदूपर्यंत पोचतात आणि माणसाला फिट्स येतात. जागतिक आरोग्य संघटना सांगते की, जिथे हा रोग पसरलेला आहे तिथे फेफऱ्याच्या सुमारे 30 टक्के रोग्यांत हेच कारण असते.

माझ्या ओळखीच्या एका मुलीला अशाच फिट्स येत. घर माळकरी, अंडेसुद्धा आत येत नाही. दोन वर्षे अंगारे-धुपारे झाले, तिची शाळा सुटली. शेवटी नाशिकला नेले, डोक्याचे स्कॅन झाले, तेव्हा मेंदूत गाठ दिसली ती या अळीची. आई डॉक्टरांशी भांडली, "आम्ही ते खातच नाही!" डॉक्टर म्हणाले, "खाल्ले असते तर पोटात जंत झाला असता. ही अंडी कुणाच्या तरी हातातून आली आहेत." औषधाने मुलगी बरी झाली. बुडालेल्या वर्षांची भरपाई मात्र कुणी केली नाही.

म्हणून मोकाट डुकराची किळस येते त्यांना मी हसत नाही. घाणीत फिरणारे डुक्कर आणि उघड्यावर बसणारा माणूस यांच्यामध्येच या जंताचा संसार चालतो. ती किळस शहाणी आहे. पण ती डुकरापाशी थांबते आणि आपल्या हातांपर्यंत येत नाही, एवढी माझी तक्रार आहे.

तर खावे का? डुकराच्या मांसात ब-1 जीवनसत्त्व इतर मांसांपेक्षा पुष्कळ जास्त असते. पण ते डाळींत आणि शेंगदाण्यांतही मिळते, तेव्हा औषध म्हणून कुणी सुरुवात करू नये. ज्यांचा धर्म नको म्हणतो, त्यांच्याशी वाद घालण्याचे मला कारण नाही. ज्यांना चालते त्यांनी गोठ्यात बांधून, धान्य-कोंडा घालून वाढवलेले डुक्कर कुठले, हे आधी विचारावे. उत्तर मिळाले नाही तर त्या दिवशी पिठले करावे, मी करते. आणि खरे सांगायचे तर, चापापेक्षा खांद्याचे मांस बरे. ते स्वस्त, चरबीदार, मंद आचेवर दीड तास शिजते, आणि कच्चे राहण्याची भीतीच नाही. चाप हौसेचा पदार्थ आहे. वर्षातून दोनदा, ताजा आणि जाड मिळाला तर.

राहिली पातेली. मंडळाची पातेली मी साबणाने आणि कढत पाण्याने घासते, आणि त्याआधी हात धुते. बाकीच्या भगिनीही तसेच करत असतील असे समजते. आज मागच्या पडवीत चाप आहेत. तवा, चिमटा, ताटल्या, सगळे माझ्या घरचे. पुढच्या दालनात नागलीच्या भाकरी आणि उडदाचे भुजे अध्यक्षीणबाईंकडून आहे. मी दोन्हीकडे जेवणार आहे.