भाड्याची खोली आणि ढेकूण

तालुक्याला भाड्याने राहणाऱ्या कितीतरी जणी खोलीत ढेकूण झाले तरी लाजेने बोलत नाहीत. लाज कसली? ढेकूण जुन्या खाटेतून, गादीतून, पिशवीतून कुणाच्याही घरी येतात. ते महिनोन् महिने उपाशी जगतात, त्यामुळे खोली बंद ठेवून मरत नाहीत. खाटेचे सांधे, गादीच्या शिवणी, भिंतीच्या भेगा तपासा. खाटेवर उकळतं पाणी ओता, गोधड्या उकळत्या पाण्यात भिजवा, भेगा बुजवा. अंडी आठ-दहा दिवसांत फुटतात, म्हणून दर आठवड्याला, महिनाभर हेच करा. शेतातलं औषध मात्र खोलीत फवारू नका. लेकरांच्या जिवावर बेतेल. ढेकूण फटीतून शेजारी जातात. तेव्हा घरमालकाला सांगा आणि सगळ्या खोल्या एकाच दिवशी साफ करा.