धीमी गती, मोठा जोर
(दारव्हा येथील व्याख्यानाचे शब्दांकन)



दारव्हा मोतीबाग स्थानकावरून ‘शकुंतला’ धावत असे, त्या दिवसांच्या आठवणी या गावातील ज्येष्ठांच्या मनात अजून ताज्या असतील. १९९४ पर्यंत ही नॅरोगेज गाडी वाफेच्या इंजिनावर चालत होती. आज ती बंद आहे. परंतु त्या इंजिनाचा एक गुण यंत्रविद्येच्या प्रत्येक विद्यार्थ्याने ध्यानात ठेवावा असा आहे. गाडी जागेवर उभी असतानाच ते आपला पूर्ण जोर चाकाला लावू शकत होते. पेट्रोलच्या इंजिनाला हे साधत नाही. ते आधी फिरते ठेवावे लागते आणि मग क्लच व गिअर यांच्या आधाराने त्याचा जोर चाकापर्यंत न्यावा लागतो. विजेच्या मोटारीला मात्र वाफेच्या इंजिनाचा हा गुण साधतो. आटोपशीर आकारात, मंद गतीने मोठा जोर देणारी मोटार घडते कशी, हा आजच्या चिंतनाचा विषय आहे.

या फिरविणाऱ्या जोराला टॉर्क म्हणतात. टॉर्क आणि गती यांच्या गुणाकाराने शक्ती ठरते. एक अश्वशक्तीची मोटार मिनिटाला १५०० फेरे घेत असेल, तर तिचा टॉर्क सुमारे पावणेपाच न्यूटन-मीटर असतो. तीच एक अश्वशक्ती १५० फेऱ्यांवर हवी असेल, तर टॉर्क दहापट लागतो. आणि मोटारीचा आकार ठरतो तो टॉर्कवरून, अश्वशक्तीवरून नव्हे. म्हणूनच मंद गतीची मोटार तेवढ्याच शक्तीच्या वेगवान मोटारीपेक्षा जड आणि महाग असते.

मग ती आटोपशीर कशी करावी? याचे पहिले उत्तर आपल्या आजीच्या जात्यात आहे. जात्याचा खुंटा मध्याजवळ न ठोकता कडेला ठोकतात, कारण मध्यापासून जितके दूर जावे तितके फिरविणे सोपे होते. मोटारीतही चुंबकीय ओढ मध्यापासून जितकी दूर लागेल तितका टॉर्क वाढतो. शिवाय व्यास वाढला की ओढ लावण्यासाठी पृष्ठभागही अधिक मिळतो. त्यामुळे लांबी तीच ठेवून व्यास दुप्पट केला, तर टॉर्क जवळजवळ चौपट होतो. मंद गतीच्या मोटारी लांबट न दिसता ताटासारख्या चपट्या व रुंद दिसतात, त्याचे रहस्य हेच.

दुसरे उत्तर घराच्या छताला टांगलेले आहे. पंख्याच्या मोटारीत वेटोळी आत स्थिर असतात आणि बाहेरचे कवच पात्यांसह फिरते. फिरणारा भाग बाहेर नेल्यामुळे त्याच आकारात मोठा व्यास मिळतो. त्यातच ध्रुवांची संख्या वाढवितात. आपल्याकडच्या ५० आवर्तनांच्या विजेवर दोन ध्रुवांचे क्षेत्र मिनिटाला ३००० फेरे घेते, चौदा ध्रुवांचे केवळ ४२८. पंखा त्याहून थोडा कमी फिरतो आणि गिअर लागतच नाही. ध्रुव वाढले की प्रत्येक ध्रुवाचे क्षेत्र लहान होते, पाठीमागचे लोखंड पातळ करता येते आणि मोटारीचे वजन उतरते.

जेथे जोर फार मोठा हवा असतो, तेथे मात्र गिअरचा आधार घेणे शहाणपणाचे ठरते. बोरघाटातील चढ ३७ फुटांना एक फूट असा कठीण आहे. १९२९ च्या सुमारास तेथे विजेची इंजिने आली. लोकांनी त्यांना ‘खेकडा’ असे नाव दिले. त्यांच्या मोटारींचा जोर गिअर आणि दांड्यांच्या द्वारे चाकांना मिळत असे. त्या सीरिज जातीच्या मोटारी होत्या. त्यांत कायमचे चुंबक नव्हते. प्रवाह वाढला की क्षेत्रही वाढे आणि मालगाडी उचलण्याच्या क्षणी जोर कित्येक पटींनी चढे.

परंतु निसर्ग कोणतीही गोष्ट फुकट देत नाही. टॉर्क दुप्पट करण्यासाठी प्रवाह दुप्पट केला, तर तांब्यातील उष्णता चौपट होते. मोटार भार घेऊन जागीच अडली, तर काम शून्य होते आणि सगळी वीज उष्णतेत जाते. आपल्या वऱ्हाडातील मे महिन्यात ही उष्णता बाहेर काढणे आणखी अवघड असते. जळालेल्या पंपाच्या मोटारी पुन्हा बांधणाऱ्या कारागिराला हे पुस्तकाविना ठाऊक आहे. आटोपशीर मोटारीची खरी मर्यादा लोखंड नव्हे, उष्णता ही आहे.

तांब्यावरचा हा भार हलका करतात ते शक्तिशाली चुंबक. निओडिमियम, लोह आणि बोरॉन यांचे चुंबक १९८० च्या दशकात जपान व अमेरिकेत विकसित झाले आणि मोटारींचे आकारमान घटले. उष्णतेत ते दुबळे पडू नयेत म्हणून त्यांत डिस्प्रोसियम, टर्बियम ही दुर्मीळ मूलद्रव्ये मिसळतात. त्यांचा पुरवठा प्रामुख्याने चीनच्या हाती आहे. एप्रिल २०२५ मध्ये चीनने या मूलद्रव्यांच्या व चुंबकांच्या निर्यातीवर निर्बंध आणले आणि पुण्याच्या बजाज ऑटोला विद्युत ‘चेतक’चे उत्पादन कमी करावे लागले. मूठभर चुंबकांसाठी अवघा कारखाना खोळंबतो, ही गोष्ट अंतर्मुख करणारी आहे.

केरळ, तमिळनाडू, ओडिशा यांच्या किनाऱ्यांवरील वाळूत निओडिमियम असलेले मोनाझाइट आहे. त्याच्यावर प्रक्रिया करणारी सरकारी संस्था १९५० मध्येच स्थापन झाली. म्हणजे निओडिमियमपुरती उणीव आहे ती खनिजापासून चुंबकापर्यंतच्या साखळीची. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्र सरकारने चुंबकनिर्मितीसाठी ७,२८० कोटी रुपयांची योजना मंजूर केली. ते योग्य पाऊल आहे. पण त्याची फळे हाती येण्यास वेळ लागेल.

तोवर हात बांधून बसण्याचे कारण नाही. अनेक बचतीच्या पंख्यांत स्वस्त फेराइट चुंबक चालतात. केवळ लोखंडाच्या आकारातून टॉर्क मिळविणाऱ्या, चुंबकरहित रिलक्टन्स मोटारी आहेत. त्या थोड्या मोठ्या असतील, थोडा आवाज करतील; पण शेतातील अवजाराला, जिनिंगमधील यंत्राला तेवढा आकार परवडतो. कोठे लहानपणा खरोखर आवश्यक आहे आणि कोठे तो केवळ हौस आहे, हा विवेक अभियंत्याने केला पाहिजे.

या सभेत तंत्रनिकेतनात आणि आयटीआयमध्ये शिकणारे तरुण आहेत. मोटार पाहिली की तिचे वॅट विचारू नका. तिचा टॉर्क विचारा, तो किती वेळ टिकतो ते विचारा आणि तिची उष्णता कोठून बाहेर पडते ते शोधा. या तीन प्रश्नांची उत्तरे ज्याला स्वतः काढता येतील, त्याला परक्याची मोटार केवळ जोडत बसावे लागणार नाही.