ठाणे खाडीतील सूक्ष्म शैवाले
नवी मुंबईला लागून असलेल्या आणि २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा रामसर दर्जा मिळालेल्या ठाणे खाडीत उतरणाऱ्या रोहित पक्ष्यांचा गुलाबी रंग अन्नातून मिळणाऱ्या कॅरोटिनॉइड या रंगद्रव्यांमुळे येतो, आणि ती प्रामुख्याने सूक्ष्म शैवालांत, म्हणजे प्रकाशावर अन्न तयार करणाऱ्या सूक्ष्म जीवांत बनतात. ही शैवाले सांडपाण्यातील नायट्रोजन व फॉस्फरसवर पोसली जातात, त्यामुळे त्या गुलाबी झाकेत शहराच्या गटारांचाही थोडा वाटा आहे, हे कितीही विचित्र वाटले तरी खरे. मात्र गढूळ पाण्यात प्रकाश अपुरा पडला की मुबलक पोषणही निरुपयोगी ठरते. उलट, नायट्रोजन तुटपुंजा झाला की प्रथिनांची निर्मिती मंदावते आणि अनेक जाती पेशींत स्निग्ध पदार्थ किंवा पिष्ट साठवू लागतात.