लेसरची निवड : रंग, तेज आणि खिसा

वांगणीच्या परिसरात खगोल मंडळासारख्या संस्थांचे आकाशदर्शनाचे कार्यक्रम होतात आणि ठाण्या-कल्याणकडील अनेक कुटुंबे त्यांस आवर्जून जातात. अशा कार्यक्रमात मार्गदर्शकाच्या हातातून एखादी हिरवी किरणशलाका निघून व्याधाच्या ताऱ्याला टेकल्यासारखी दिसली, म्हणजे परतीच्या लोकलमध्येच मुलांचा हट्ट सुरू होतो. कोलशेतच्या एखाद्या उंच इमारतीत राहणारा गृहस्थ मग दुसऱ्या दिवशी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर चौकशीला जातो. तेथे तो प्रथम विचारतो किंमत, नंतर शक्ती, आणि रंग सर्वांत शेवटी. वास्तविक हा क्रम नेमका उलट असावयास हवा.

मानवी डोळा सर्व रंगांना सारखा न्याय देत नाही. दिवसाउजेडी तो सुमारे 555 नॅनोमीटर तरंगलांबीच्या पिवळसर हिरव्या प्रकाशाला सर्वाधिक दाद देतो. त्या प्रकाशाचे तेज 100 मानले, तर 532 नॅनोमीटरच्या हिरव्या लेसरचे तेज 88 भरते, 635 च्या तांबड्याचे 22, आणि बाजारात सर्वांत स्वस्त मिळणाऱ्या 650 च्या तांबड्याचे अवघे 11. म्हणजे जे काम 1 मिलीवॅटचा हिरवा लेसर करतो, त्यासाठी या तांबड्याला 8 मिलीवॅट खर्चावे लागतात. 450 चा निळा तर तांबड्याच्याही तिसऱ्या हिश्शाएवढाच उजळ दिसतो. रात्री अंधाराला सरावलेल्या डोळ्याची आवड आणखी निळ्या-हिरव्याकडे झुकते आणि तांबडा अधिकच मागे पडतो.

हवेतील शलाका दिसते, ती धूळ आणि बाष्प यांनी विखुरलेल्या प्रकाशामुळे. खाडीकाठच्या कोलशेतला बाष्पाचा तुटवडा नाही! त्यातही आखूड तरंगलांबीचा प्रकाश हवेच्या कणांवरून अधिक विखुरतो. त्यामुळे भिंतीवर ठिपका दाखविण्यास तांबडा पुरेसा असला, तरी आकाशातील तारा दाखविण्यास हिरव्यालाच पैसे मोजणे शहाणपणाचे. उलट, त्याच हिरव्याची शक्ती दुप्पट केली म्हणून तो डोळ्याला दुप्पट उजळ भासत नाही. वाढीव पैसे बहुधा वाया जातात आणि धोका मात्र पुरा दुप्पट होतो.

येथे एक मेख आहे. 532 चा हिरवा प्रकाश यंत्रात सरळ उत्पन्न होत नाही. प्रथम 808 नॅनोमीटरचा अदृश्य अवरक्त प्रकाश एका स्फटिकात शिरतो, त्यातून 1064 चा अवरक्त निघतो, आणि दुसरा स्फटिक त्याची तरंगलांबी निम्मी करून 532 वर आणतो. चांगल्या उपकरणात उरलेला अवरक्त अडविण्यास गाळणी बसविलेली असते. स्वस्तात ती गाळलेली असते. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक व तंत्रविज्ञान संस्थेने 2010 साली तपासलेला एक स्वस्त हिरवा पॉइंटर जवळजवळ 20 मिलीवॅट अवरक्त प्रकाश बाहेर टाकीत होता. याच संस्थेने 2013 साली 122 पॉइंटर तपासले, तेव्हा सुमारे 90 टक्के हिरवे आणि 44 टक्के तांबडे तेथील नियमांत बसले नाहीत. तात्पर्य, वेष्टणावर छापलेला आकडा हा पुरावा नव्हे.

यावर उपाय आहे. 515 ते 520 नॅनोमीटरचा हिरवा प्रकाश देणारे डायोड आता मिळतात. ते सरळ हिरवाच प्रकाश देतात, त्यांत अवरक्ताचा प्रश्न उद्भवत नाही, आणि 520 चे तेज 71 असल्याने 532 च्या मानाने विशेष नुकसानही होत नाही. थोडे पैसे अधिक पडले तरी ते येथे खर्चावेत.

405 नॅनोमीटरचा जांभळा लेसर स्वस्त असतो आणि पांढऱ्या कागदावर पडताच निळसर चमकतो, म्हणून मुलांना त्याची भुरळ पडते. तो फसवा आहे. डोळ्याला त्याचे तेज हजारात एकही भरत नाही. त्यामुळे तो मंद वाटतो आणि प्रखर प्रकाशाने आपोआप मिटणारी पापणी वेळेवर मिटत नाही. इजा तेजाने होत नाही, शक्तीने होते. घरात मूल असेल तर 1 मिलीवॅटच्या आतला, म्हणजे दुसऱ्या वर्गाचा लेसरच घ्यावा, आणि कोणताही असो, वापर संपताच त्यातील बॅटरी काढून ठेवावी.

शक्तिमान झोतांचा परिणाम महाराष्ट्राने पाहिला आहे. 2023 च्या गणेश विसर्जनानंतर नाशिकमध्ये मिरवणुकीतील लेसरमुळे काही तरुणांच्या दृष्टिपटलास इजा झाल्याचे नेत्रतज्ज्ञांनी सांगितले, आणि पुढल्या वर्षी पुण्यात पोलिसांनी उत्सवातील अशा झोतांवर बंदी घातली. मुंबई विमानतळाच्या परिसरासाठीही मनाई हुकूम निघत असतात, कारण दूरवर गेलेला ठिपका पसरतो आणि वैमानिकाच्या समोरील काच एकाएकी उजळून टाकतो. कोलशेतला हवाई दलाचे ठाणे आहे, समोरासमोर मनोरे आहेत, प्रत्येक गॅलरीत कोणी ना कोणी उभे असते. तेव्हा मुलाला तारे दाखवायचे ते गच्चीवर जाऊन, वर विमान नाही आणि शलाकेच्या वाटेत खिडकी नाही हे पाहूनच. आणि बटण दाबायचे ते वडीलधाऱ्याने.